अण्णांच्या माइल्सचा भाव

"ताई, हे एवढे जमलेत. आज काढले तर काय भाव मिळेल?"

सोनवणे अण्णांनी एअरलाइनचं स्टेटमेंट माझ्या काउंटरवर ठेवलं आणि वर पंजा दाबून उभे राहिले. मी म्हटलं, "अण्णा, माइल्स विकता येत नाहीत. फक्त तिकिटाला वापरता येतात." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गिऱ्हाइकं मीच पळवून लावली आहेत.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. नाशिकला शरणपूर रोडवरच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी टिकेटिंग बघत होते. परदेशी जायचं तर आधी कसारा घाट उतरून मुंबई गाठायची, पण तिकिटं आमच्याकडून निघायची. द्राक्षवाले, कांदेवाले, सातपूर-अंबडचे कारखानदार अशी सगळी गिऱ्हाइकं होती. अण्णा सटाण्याचे. कांद्याची निर्यात करायचे. सिंगापूर, क्वालालंपूर आणि त्याच्याही पलीकडे वर्षभर त्यांच्या फेऱ्या चालायच्या, त्याही एकाच एअरलाइननं. त्यांना ते बरं वाटायचं, कारण विमानातला दहीभात त्यांच्या पोटाला मानवला होता. बाकी काही कारण नव्हतं.

माइल्स म्हणजे काय, ते आधी सांगते. तेव्हा पुष्कळांना माहीत नव्हतं. नेहमीच्या गिऱ्हाइकाला वाणी पुडीत वर चार दाणे टाकतो, तसाच हा प्रकार. जितकं उडाल तितके माइल्स खात्यात जमा होतात, आणि पुरेसे झाले की त्यावर तिकीट मिळतं. त्याला अवॉर्ड तिकीट म्हणतात. मात्र प्रत्येक विमानात अशा सीट्स मोजक्याच ठेवलेल्या असतात. मे महिन्यात किंवा दिवाळीत विमान भरलेलं असतं, तेव्हा एअरलाइन त्या सोडतच नाही.

मग माइल्स कुठे वापरायचे? मी सगळ्यांना एकच हिशेब शिकवायचे. तेच तिकीट विकत घेतलं तर किती लागले असते ते बघा आणि त्याला लागणाऱ्या माइल्सनी भागा. जवळच्या गावाला वापरले तर भाव फुटकळ बसतो. लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासला वापरले तर सगळ्यात चांगला बसतो, कारण बिझनेसचं तिकीट इकॉनॉमीच्या कित्येक पट महाग असतं, पण माइल्स साधारण दुप्पटच लागतात. बँकेतल्या माणसांनाही हे दोनदा सांगावं लागायचं.

अण्णांना एकदाच सांगितलं. "म्हणजे क्विंटलमागं काय बसतं, तेच बघायचं," ते म्हणाले आणि खूश झाले. मीही खूश झाले. इतकं हुशार गिऱ्हाईक रोज मिळत नाही.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा काकू बरोबर होत्या. हिरवं नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. गंगापूर रोडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवायला आणलं होतं. येता येता आमच्याकडे थांबले. अण्णा आमच्या मालकांशी, पाटणकर साहेबांशी बोलायला केबिनमध्ये गेले आणि काकू माझ्यासमोर बसल्या.

"अमेरिकेला किती वेळ लागतो हो ताई?"

मी सांगितलं. त्यांची मुलगी सुनीता तिकडे होती. लग्न होऊन गेली ती गेलीच, तिकडेच बाळंतीण झाली. जावयाची सुट्टी, व्हिसाची कटकट, लहान बाळ, काही ना काही निघायचं आणि येणं राहायचं. काकूंनी नातवाला पाहिलं नव्हतं. पण त्यांचं दुखणं नातवाचं नव्हतं.

"फोनवर विचारलं की म्हणते, बरी हाय मी. आवाज काय, कसाबी काढता येतो. मला तोंड बघायचंय तिचं. तोंड बघितलं की मला कळतं, खरं हाय का खोटं."

मग डॉक्टर काय म्हणाले तेही त्यांनी सांगितलं. काचबिंदू होता. डोळ्यांत दाब वाढून नजर कडेकडेनं कमी होत जाते. थेंब घालून वेग कमी करता येतो, पण गेलेली नजर परत येत नाही. त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाटलं, त्यांना नीट समजलेलं नाही. त्यांना नीट समजलेलं होतं.

अण्णा बाहेर आले तेव्हा मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "अण्णा, जानेवारीत इकॉनॉमीच्या दोन अवॉर्ड सीट्स दिसताहेत. तुमचे माइल्स पुरतात. दोघांचा अमेरिकेचा व्हिसाही झालाय. टाकू का?"

"काय भाव बसतो?"

मी खरं ते सांगितलं. थंडीत तिकीट स्वस्त असतं, त्यामुळे भाव बरा बसत होता, उत्तम नाही.

"आणि बिझनेसचा?"

"त्याला अजून बरेच लागतील. तुमच्या आणखी फेऱ्या व्हायला हव्यात."

"मग थांबू. एवढ्यात माल काढायचा नाय."

मी म्हटलं, माइल्स राहू द्या खात्यात, काकूंचं साधं तिकीट विकत काढू. अण्णा हसले. "घरात कांद्याची चाळ भरलेली असताना बाजारातून पावशेर कांदा आणायचा का ताई?" जावई तिकीट पाठवायला तयार होते, हे काकूंनी हळूच सांगितलं. त्यावर अण्णांचा चेहरा बदलला. लेकीच्या घरचं आपण घ्यायचं नसतं, विषय संपला.

मी आणखी एक मार्ग सुचवला. काकूंना एकटीला पाठवा. आमच्या धंद्यात याची ठरलेली युक्ती आहे. इंग्रजी न येणाऱ्या आयांसाठी आम्ही बुकिंगमध्ये व्हीलचेअर मागतो. पाय धडधाकट असले तरी मागतो. मग एअरलाइनचा माणूस मुंबई विमानतळाच्या दारापासून तिकडे मुलीच्या हातात देईपर्यंत आईला सोडत नाही. गुजराती, पंजाबी, मराठी, सगळ्या आया अशाच जातात.

"चालती-फिरती बाई खुर्चीत घालून न्यायची? लोक काय म्हणतील?" अण्णा म्हणाले.

कुठले लोक, ते त्यांनी सांगितलं नाही. जाताना दारापाशी काकू अण्णांना त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "मनी आंडेर वाट देखी ऱ्हायनी." आंडेर म्हणजे मुलगी, हे मला सटाण्याच्या गिऱ्हाइकांमुळे कळत होतं. अण्णा म्हणाले, "जाऊत ना. नही कोण म्हणस?"

अण्णा वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायलाच हवं. काकूंच्या थेंबांची बाटली त्यांच्याच शर्टाच्या खिशात असायची आणि वेळ झाली की ते आमच्या ऑफिसातसुद्धा स्वतः घालायचे. बायकोनं पहिल्यांदा विमानात बसायचं तर ते थाटात, आडवं झोपून, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पण आयुष्यभर जो धंदा केला तो थांबण्याचा. उन्हाळी कांदा चाळीत भरायचा, बाजार पडलेला असताना हात लावायचा नाही, आणि दिवाळीच्या आसपास भाव चढला की काढायचा. ज्यांना दम निघाला नाही ते बुडाले आणि अण्णा वर आले. अशा माणसाला थांबू नका म्हणून सांगणं, म्हणजे तुमचं आजवरचं यश चुकीचं होतं, असंच सांगणं होतं.

पाटणकर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"अवॉर्ड तिकिटावर आपल्याला कमिशन किती?"

"शून्य."

"मग अर्धा तास कशाला घातलात? ते थांबतात म्हणतात तर थांबू द्या. दर महिन्याला त्यांचं तिकीट निघतंय, ते पुरे."

"काकूंच्या डोळ्यांचं काय?"

"आपण ट्रॅव्हल एजंट आहोत बाई," साहेब म्हणाले. तेही खरंच होतं.

पुढचं वर्षभर अण्णांच्या फेऱ्या चालू राहिल्या. प्रत्येक तिकिटावर मी त्यांचा मेंबरशिप नंबर टाकायचे. बोर्डिंग पास ते रबर लावून जपून आणायचे, कारण एकदा एका फेरीचे माइल्स चढले नव्हते आणि ते मिळवायला पास पाठवावा लागला होता. दोघांच्या बिझनेस क्लासला पुरतील एवढे माइल्स झाले, तेव्हा ते पेढे घेऊन आले. काकू बरोबर होत्या. मी चहाचा कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. त्यांनी पेढ्यासाठी हात पुढे केला आणि कप सरळ खाली गेला. साडी भिजली. त्या म्हणाल्या, "दिसलाच नाही मेला." अण्णा म्हणाले, "लक्ष कुठं असतं हिचं." मी फडकं आणायला उठले. कप त्यांच्या समोर नव्हता, कडेला होता. डॉक्टर कडेच्याच नजरेबद्दल बोलले होते.

त्या दिवशी मी जेवणाची सुट्टी सोडून स्क्रीनला चिकटले. उन्हाळा बंद. गणपतीही बंद. दिवाळी तर बंदच. सप्टेंबरच्या शेवटी मात्र बिझनेसच्या दोन सीट्स दिसल्या. मी कॅलेंडर पाहिलं आणि मला कळलं, त्या का उरल्या आहेत. पितृपक्ष होता. त्या पंधरवड्यात आमच्याकडचं ऑफिस ओस पडायचं. कोणी नवीन कामाला निघत नाही, तिकीटसुद्धा काढत नाही. एजंट लोकांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून घरच्यांचे प्रवास आम्ही त्याच दिवसांत उरकतो.

"अण्णा, हाच तो भाव. याच्यापेक्षा चांगला मी आजवर कोणाला काढून दिलेला नाही."

त्यांचे डोळे चमकले. मग त्यांनी तारीख विचारली.

"पितरांचे दिवस हायेत ताई."

"अण्णा, हे काय लग्नकार्य आहे का? मुलीला भेटायला जायचंय."

"नवीन काम करीत नाय आम्ही. आणि आमच्या वडिलांची अष्टमीची तिथी. ही नसली तर स्वयंपाक कोण करील?"

"अष्टमीचं श्राद्ध करा आणि नवमीला निघा. तेव्हाची सीट आहे."

अण्णांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली. एरवी त्या बोलल्या असत्या, पण सासऱ्यांच्या श्राद्धाच्या आड त्या कशा येणार? घरी काही बरंवाईट झालं असतं तर आयुष्यभर त्यांच्याच नावावर गेलं असतं.

"अमावास्या होऊन जाऊ द्या," अण्णा म्हणाले. "दसऱ्याच्या मुहूर्तावर काढू. पितर जेवून तृप्त झाले म्हणजे सीट पण मिळंल."

मी सीट्स धरून ठेवल्या, जितके दिवस एअरलाइन धरू देते तितके. मग त्या गळून गेल्या. दसऱ्याला सीट नव्हती. दिवाळीनंतर नव्हती. नाताळात असण्याचा प्रश्नच नव्हता. आणि नव्या वर्षात एअरलाइनचं सर्क्युलर आलं. अवॉर्डसाठी लागणारे माइल्स वाढवले होते. सगळ्यात जास्त वाढ बिझनेसला होती. जुन्या दरानं काढायला थोडी मुदत होती.

मी सटाण्याला फोन लावला. "अण्णा, अजून इकॉनॉमीत जागा आहे, जुन्या दरानं. मुदत संपली की तुमचे माइल्स बिझनेसला पुरणार नाहीत. आत्ता निघा."

"म्हणजे बाजार पडला म्हणा ना."

"पडला."

"मग पडत्या बाजारात माल काढायचा नसतो ताई. चढंल परत."

"अण्णा, कांदा चढतो. हा बाजार कधीच चढत नाही. हा एकाच बाजूला जातो. आणि काकूंचे डोळे पण."

अण्णा म्हणाले, "आमच्या आईला पण बिंदू झाला होता. डॉक्टरनं पिकू दिला, मग काढला. लख्ख दिसायला लागलं."

"तो मोतीबिंदू. हा काचबिंदू आहे. हा काढता येत नाही. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय."

"सांगितलंय," अण्णा म्हणाले. "थेंब चालू हायेत ना."

मी त्या दिवशी फोन आपटला. मला राग आला होता, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. माणूस मूर्ख असता तर सोडून दिलं असतं. हा माणूस क्विंटलमागचा रुपया तोंडी काढत होता.

त्यानंतर काकू ऑफिसला येईनाशा झाल्या. अण्णा एकटे यायचे, तिकीट घ्यायचे, जायचे. काकू कशा आहेत विचारलं की "चाललंय" म्हणायचे. वाढीव दराला पुरतील इतके माइल्स व्हायला पुढचं सगळं वर्ष गेलं. पुन्हा पितृपक्ष आला तेव्हा मी इकॉनॉमीचंसुद्धा विचारलं नाही. फेब्रुवारीत दोन सीट्स सुटल्या आणि मी फोन केला. या वेळी अण्णांनी भाव विचारला नाही. "टाका," म्हणाले.

तिकिटं न्यायला दोघं आले. काकूंचा हात अण्णांच्या खांद्यावर होता. पायरीपाशी अण्णा म्हणाले, "पायरी," आणि त्यांनी पाय उचलला. ते इतकं सवयीचं झालेलं होतं.

तिकीट पक्कं करताना प्रवाशाची काही अडचण असेल तर ती एअरलाइनला कळवावी लागते. त्यासाठी चार-चार अक्षरांचे कोड असतात. व्हीलचेअरचा वेगळा, ऐकू न येणाऱ्याचा वेगळा. मी कीबोर्डवर हात ठेवून विचारलं, "काकू, किती दिसतं आता?"

"उजेड कळतो," काकू म्हणाल्या. "दिवस हाय का रात्र, एवढं कळतं."

अण्णा एकदम म्हणाले, "तसं घरात सगळं करते ती. चूल पण बघते."

"चूल हाताला माहीत हाय," काकू म्हणाल्या.

न दिसणाऱ्या प्रवाशाचा कोड बी-एल-एन-डी. इतक्या वर्षांत मी तो फारतर तीन-चार वेळा टाकला असेल. मी टाकला. अण्णा स्क्रीनकडे बघत होते. त्यांना थोडंफार इंग्रजी वाचता यायचं. त्यांनी विचारलं, "हे लिहायलाच पाहिजे का?" मी म्हटलं, "हो अण्णा. नाही लिहिलं तर त्यांना मदत मिळणार नाही." त्यांनी मान हलवली आणि खिशातून थेंबांची बाटली काढून उगाच हातात धरून बसले.

पाटणकर साहेबांनी बाहेर येऊन दोघांना नारळ दिला. पहिल्या परदेशवारीला आम्ही द्यायचो तसा. काकूंच्या हातात तो त्यांनी स्वतः नेऊन ठेवला. नंतर मला म्हणाले, "या तिकिटाची बाजारात किंमत किती झाली असती हो?" मी सांगितली. साहेबांनी शीळ घातली. मग दिवसभर माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

ती दोघं दोन महिन्यांनी परत आली. अण्णांना पुन्हा सिंगापूरला जायचं होतं, म्हणून ते केबिनमध्ये गेले. काकू माझ्यासमोर बसल्या. तब्येत बरी दिसत होती. विमानातली खुर्ची आडवी होते, पांघरूण मऊ असतं, जेवण काचेच्या ताटात देतात, असं सगळं त्यांनी सांगितलं. नातू मांडीवरून उतरत नव्हता. आजीची बोटं धरून घरभर न्यायचा आणि प्रत्येक वस्तूवर हात ठेवून इंग्रजीत नाव सांगायचा.

मग त्यांनी पिशवीतून फोटोंचं पाकीट काढलं.

"ताई, तुम्ही सांगा. यांना विचारलं तर म्हणतात, समदे चांगले हायेत. असं कुठं सांगणं असतं का?"

मी एकेक फोटो घेऊन सांगायला लागले. नातवाचे केस कुरळे आहेत. पुढचा एक दात जरा तिरका आलाय. लाल स्वेटर घातलाय. काकू ऐकत होत्या आणि हसत होत्या. घराच्या अंगणात बर्फ आहे. जावई उंच आहेत, चष्मा आहे.

"आणि सुनी?"

फोटोत सुनीता आईच्या शेजारी बसली होती. मी तिला लग्नाआधी एकदाच पाहिलं होतं, पासपोर्टच्या कामाला आली होती तेव्हा. गुबगुबीत, बडबडी मुलगी. ही बाई निराळीच होती. गळ्याची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते आणि ती नवऱ्याकडे बघत होती. ती का तशी दिसत होती, मला माहीत नाही. बाळाच्या जागरणानं असेल, नोकरीनं असेल, आणखी कशानं असेल. परक्या माणसाला एका फोटोवरून काय कळणार? आईला कळलं असतं.

"हाताला लय बारीक लागली," काकू म्हणाल्या. "विचारलं तर म्हणते, आई, तुला वाटतं तसं. कशी दिसते हो?"

मी म्हटलं, "छान दिसते काकू. हसतेय."

काकूंनी हात पुढे केला. मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपून पाकिटात घातला आणि पाकीट पिशवीत ठेवलं.

"तुम्ही पण तेच म्हणता," त्या म्हणाल्या.

अण्णा बाहेर आले. त्यांनी "चला" म्हटलं आणि खांदा पुढे केला.

पुढे महिनाभरानं अण्णा एकटेच आले. सुनीतासाठी आणि नातवासाठी नाशिकला यायची तिकिटं काढायची होती. मी खातं उघडायला लागले तर म्हणाले, "माइल्स नको. रोख काढा. जी तारीख मिळंल ती." मी काढली. ती दोघं आली नाहीत. जावयानं सुट्टीचं काहीतरी कारण सांगितलं आणि तिकिटं रद्द करावी लागली. त्यानंतर अण्णांनी माइल्सचा विषय काढला नाही. उरलेल्या माइल्सची मुदत संपत आली तेव्हा मी आठवण केली. "जाऊ द्या ताई," म्हणाले, आणि ते माइल्स बुडाले.

मी निवृत्त होईपर्यंत शेकडो लोकांची अवॉर्ड तिकिटं काढली. दर वाढल्यावर अण्णांच्या तिकिटाइतका चांगला भाव मी दुसऱ्या कोणालाच काढून देऊ शकले नाही. भाव काढायची रीत मी सगळ्यांना तीच शिकवत राहिले, कारण ती बरोबर आहे. फक्त कॅल्क्युलेटर काढायच्या आधी विचारायला लागले, की भेटायचं कोणाला आहे आणि त्यांची तब्येत कशी आहे. साहेबांना वाटायचं, मी गिऱ्हाइकांशी गप्पा मारते.